रोज एक बकरा

१० जानेवारी १९३२, रविवार

नोकरी लागली. छापखाना बंद पडल्याला तीन महिने झाले होते आणि मुद्रितं तपासण्याखेरीज माझ्या हाताला दुसरी कला नाही. केशवजी शेठ सुपारीचे व्यापारी, पेढी मुंबईत, वाडी इथे दिघीच्या खाडीकाठी, करंजखोल गावाला लागून. एका मोडलेल्या सर्कशीतली जनावरं त्यांनी उचलली आणि वाडीत प्राणिबाग काढली. एक बिबट्या, पाच चितळं, वानरं, साळिंदर, दोन मोर. मुंबईच्या राणीच्या बागेवर कडी करायची असा त्यांचा मनसुबा आहे.

मला नेमलंय प्रसिद्धीवर. हस्तपत्रकं लिहायची, वर्तमानपत्रांना मजकूर धाडायचा, पिंजऱ्यांवर पाट्या रंगवायच्या, चौकशीच्या पत्रांना उत्तरं द्यायची. शेठ म्हणाले, "अनंतराव, वाघ एकदम भयंकर पायजे हां. लोकांला भीती नाय वाटली तर ते येईल कशाला?"

वाईट एवढंच झालं की तरीतून उतरताना चष्मा खाडीत पडला. मुंबईला नवा सांगितला आहे, पण चष्मेवाल्याची आणि आगबोटीची गाठ कधी पडेल ते देव जाणे. हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धूसर दिसतं. लिहिताना कागद नाकाशी धरतो, तेव्हा कामाला अडचण नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आज पहिलं हस्तपत्रक पुरं केलं. बिबट्याला रखवालदारीण बाई 'सोनू' म्हणते. हे काय वाघाचं नाव झालं? मी 'रुद्रप्रताप' ठेवलं. मजकूर असा: 'सह्याद्रीच्या घोर अरण्यातील साक्षात् यम! ज्याच्या एका डरकाळीने हत्तीचे काळीज पाणी होते! रोज एक बकरा फस्त करणारा रुद्रप्रताप! दुर्बल हृदयाच्या गृहस्थांनी पिंजऱ्याजवळ जाऊ नये!'

'रोज एक बकरा' हे शब्द दोन ओळींच्या मध्ये एकटे, मोठ्या टाइपात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आज स्वतःचं वाक्य आहे. चार वेळा मोठ्याने वाचलं.

रखवालदारीण म्हणजे आवडाबाई. तिचा नवरा भागोजी वीस वर्षं सर्कशीबरोबर हिंडला आणि शेवटी ह्या बिबट्यासकट गावी परतला. तो गेल्या वर्षी वारला, आता बिबट्याचं सगळं ही बघते. मी तिला मजकूर वाचून दाखवला. तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. भीती वाटली असावी. लेखनाचा परिणाम म्हणतात तो हाच.

तिळगूळ दिला तिने. चांगला होता.

१९ जानेवारी

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. आवडाबाईच्या खोपटात रोज सकाळी पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज येतो. आज सहज डोकावलो तर मांस! शेठ बिबट्यासाठी जे मांस पाठवतात तेच. बाई ते खिम्यासारखं बारीक वाटत होती. मला पाहून म्हणाली, "बसा मास्तर, च्या घेता?"

म्हणजे वाघाच्या तोंडचा घास ही घरी रांधून खाते. बाई गरीब आहे, एकटी आहे, हे सगळं खरं. पण चोरी ती चोरी. शेठना चार ओळी लिहिल्या. टपाल गेलेलं होतं, म्हणून कागद टेबलाच्या खणात ठेवला.

च्या मात्र घेतला. आलं घालते.

२७ जानेवारी

पहाटे फिरायला गेलो होतो. दूर पुळणीवर आवडाबाई चाललेली दिसली. चालीवरून ओळखली. हातात दोरी, दोरीला एक भलंमोठं कुत्रं. कुत्रं म्हातारं असावं, फार सावकाश चालत होतं. मध्येच ते वाळूत बसलं तर तीही शेजारी बसली. तिच्या दारात कुत्रं कधी पाहिलं नाही. विचारायला हवं.

हल्ली दुपारी थोडा वेळ रुद्रप्रतापाच्या पिंजऱ्यापाशी बसतो. माहिती गोळा करायची म्हणून. मला तो एक पिवळा ढीग दिसतो. ढिगातून घरघर येते. मी लिहिलेलं वाचून दाखवलं की घरघर वाढते. इतका चांगला श्रोता मला छापखान्यात मिळाला नव्हता.

६ फेब्रुवारी, शनिवार

त्या बोकडाचं आता काहीतरी केलं पाहिजे.

गावात एक काळा बोकड मोकळा फिरतो. नवसाचा आहे, गावदेवीला सोडलेला. शिमग्याला द्यायचा. तोवर त्याला कुणी हाकलायचं नाही, मारायचं नाही, बांधायचं नाही. बोकडाला हे पक्कं ठाऊक आहे. मी तांदळाच्या खळीने हस्तपत्रकं भिंतीवर डकवतो, आणि हा मागून येऊन खळीसकट खातो. देवळाची भिंत, तरीचा धक्का, मासळीचा ओटा, एक जागा सोडली नाही. आज एका सकाळीत तीस पत्रकं फस्त. 'रोज एक बकरा' राहिला बाजूला, बकराच रोज मला खातो आहे.

सोडलाय ठमाबाई कोळणीने. तिचा मुलगा सदा तीन वर्षांमागे वादळात सापडला होता, तेव्हाचा नवस. सदा सुखरूप आला, आता मुंबईला गिरणीत आहे. बोकड पिल्लू असताना तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवला म्हणे. ती चालली की बोकड मागे मागे. मासळी विकायला बसली की हा टोपलीशेजारी.

११ फेब्रुवारी

आज तडीस नेलं.

ठमाबाईकडे जाऊन स्पष्ट सांगितलं, की बाई, तुमच्या बोकडाने शेठच्या बागेचं नुकसान चालवलं आहे. चार दिवस खाडीपलीकडे आगरदांड्याला धाडतो, मे महिन्यात चाकरमानी येऊन गेले की परत आणतो. मला वाटलं भांडेल. कोळणीशी भांडणात कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

ती भांडलीच नाही. मग म्हणाली, "मे म्हयन्यात? म्हंजी शिमगा झाल्यावर?"

"हो, साधारण."

"माजं काय म्हननं न्हाय, मास्तर. त्यो माजा न्हाय, देवीचा हाय. मी कोन सांगनार? तुमी शिकलेली मानसं. न्या." आणि आत जाऊन तिने स्वतः दोरी आणून दिली. नवी कोरी दोरी. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या. माझ्या तीस पत्रकांचं तिला इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

हरेश्वर तरीवाल्याने बोकडाला पलीकडे नेलं, त्याच्या बहिणीकडे ठेवणार. माझ्याकडून उतार, म्हणजे तरीचं भाडं, घेतला नाही. म्हणाला, पोचला. कुणाकडून पोचला ते सांगेना. "गावात बोलू नका, मास्तर," एवढंच म्हणाला. बोलायचंय कशाला? देवीच्या बोकडाला हात लावला म्हणून गाव माझी पाठ सोलेल.

संध्याकाळी पंचवीस पत्रकं डकवली. सकाळपर्यंत टिकणार ह्या विचाराने फार बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

गावात बोकडाचा शोध चालू आहे. डोंगरापर्यंत जाऊन आले लोक. मी गप्प.

१ मार्च, मंगळवार

एक चमत्कारच झाला म्हणायचा. बोकड रुद्रप्रतापाने खाल्ला असं गावाने ठरवलं आहे!

ठमाबाईच्या अंगणाजवळच्या वाळूत वाघाची पावलं उमटलेली सापडली. पुळणीपर्यंत जाऊन परत बागेकडे वळलेली. वाघ पहाटे सुटतो, बोकड खातो आणि पुन्हा पिंजऱ्यात येऊन बसतो, असं लोक म्हणतात. पावलं कसली असतील, मला उमगत नाही. आवडाबाईच्या त्या कुत्र्याची असणार. पण बागेला जी गर्दी लोटली आहे! श्रीवर्धनाहून गाड्या भरून माणसं आली. शेठचं मुंबईहून पत्र: 'शाबास मास्तर. असाच भयंकर चालू ठेवा.'

मी काही खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही. हे वाक्य लिहिल्यावर खोडावंसं वाटलं, पण दैनंदिनीत खोडाखोड करायची नाही असा माझा नेम आहे.

ठमाबाई डोक्यावरून पदर घेऊन घरात बसून असते. बायका तिची समजूत घालायला जातात.

८ मार्च, मंगळवार

चष्मा आला.

लावला तो थेट पिंजऱ्याकडे गेलो. दोन महिने ज्याला वाचून दाखवलं त्याचं तोंड तर बघू. तो जांभई देत होता.

तोंडात एकही सुळा नाही. मागे दोन किडक्या दाढा, बस. कान फाटलेला, कातडी सैल, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हाताऱ्या आजोबांनी कवळी काढून ठेवल्यावर दिसावेत तसा चेहरा. मला पाहून तो उठला, गजांशी आला आणि डोकं घासलं.

"आवडाबाई, ह्याचे दात?"

"सर्कशीतच काढले, मास्तर. पोराला तोंडात उचलून घ्यायचा खेळ हुता न्हवं त्याचा. आमच्या ह्यांनी लई रडून घेतलं त्या दिशी." ती पाटा धुत होती. "म्हनून तर वाटून घालते. हळद टाकून. नुसतं दिलं तर घास अडकतो त्याचा."

मी खाली बसलो. मग विचारलं, पहाटे पुळणीवर?

"सांधं धरलेत त्याचं. हे मरायच्या वख्ताला म्हनाले, रोज वाळूत चालव, मऊ वाळूत. चालीवते." मग घाबरून म्हणाली, "शेटना सांगू नका. गावालाबी."

खोलीवर येऊन खणातला तो चोरीचा कागद काढला आणि चुलीत घातला. माझ्याइतका आंधळा माणूस चष्म्याने सुधारेल का, कोण जाणे.

१२ मार्च, शनिवार

फौजदार आले होते. गावाने अर्ज केला होता: वाघ सुटतो, देवीचा बोकड खाल्ला, उद्या पोर उचलेल.

माणूस सभ्य होता. पावलं पाहिली, पिंजऱ्याचं दार पाहिलं. आवडाबाई हात जोडून म्हणाली, मीच वाळूत चालीवते ह्याला, पन ह्याला दात न्हाईत साहेब. त्यांनी बघितलं आणि तेही जरा चपापले. म्हणाले, "दात नसले तरी नखं आहेत, बाई. आणि बाहेर फिरतो हे तुम्हीच कबूल करता. बोकड कुठे गेला मग?" नंतर माझ्याकडे वळून खिशातून माझंच हस्तपत्रक काढलं. "रोज एक बकरा. हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"खरं आहे?"

मागे सगळं गाव उभं होतं. बोकड मी पलीकडे धाडला म्हणालो असतो तर तिथल्या तिथे चामडी लोळवली असती, नोकरी गेली असती ती वेगळीच. मी म्हणालो, "जाहिरात आहे साहेब." ते म्हणाले, "म्हणजे खरं की खोटं?"

मी चष्मा पुसत राहिलो. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या रविवारी, वीस तारखेला, शिमग्याच्या आधी वाघाला गोळी घालणार.

आवडाबाई रडली नाही. सगळे गेल्यावर पाटा घेऊन वाटायला बसली. मग म्हणाली, "मास्तर, तुमाला लिवता येतं. कायतरी लिवा."

१४ मार्च

लिहिलं. छापायला वेळ नव्हता, रात्रभर बसून बारा प्रती हाताने काढल्या. 'आमच्या बागेतील बिबट्या सोनू हा वृद्ध असून त्यास दात नाहीत. तो वाटलेले मांस खातो. त्याने आजवर कोणाचाही बकरा खाल्ला नाही. पूर्वीची जाहिरात आमची चूक होती.' इतकं साधं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. एक विशेषण नाही, 'वृद्ध' सोडून.

मासळीच्या ओट्यावर उभा राहून मोठ्याने वाचलं. सोनाबाई म्हणून एक म्हातारी कोळीण आहे, तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये छापलेलं हाय का हातानं लिवलेलं?"

"हाताने."

"आनि पयलं? बकरेवालं?"

"ते छापलेलं."

"मंग छापलेलंच खरं," ती म्हणाली आणि बोंबील मोजायला लागली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेठनाही तार केली होती. उत्तर आलं: 'दात नाही असं छापू नको.' बस, एवढंच.

आता एकच उपाय उरला. जिवंत बोकड गावासमोर उभा करायचा. मी ते जाणतो आणि दोन दिवस ह्या वाक्याभोवती घिरट्या घालतो आहे. माराची भीती वाटते. खरंच वाटते.

१६ मार्च, बुधवार

सकाळी तरीवर गेलो. बोकड आणायचाच असं ठरवून. धक्क्यावर ठमाबाई बसली होती. तिला कुणी सांगितलं कळलं नाही. हरेश्वर खाली मान घालून शिड सारखं करत होता.

"मास्तर, आनू नका त्याला."

मी म्हणालो, ठमाबाई, नाही आणला तर रविवारी सोनूला गोळी घालतील.

"आनि आनला तर मंगळवारी ह्याला कापतील." ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. "नवस मीच बोलले. सदाचा जीव वाचला, देवीचं देनं हाय, मी न्हाय कुटं म्हनते? पन बाटलीनं पाजलाय त्याला. सदा मुंबईला गेला तवा घरात दुसरं कोन हुतं? रातीला माज्या पायाशी निजायचा. माज्या हातानं मी त्याला नवसातनं कशी सोडवू? म्हनून तुमी न्यायला आलात तवा म्हटलं, देवीनंच धाडलं मास्तरला."

ते रडणं माझ्या पत्रकांसाठी नव्हतं. दोरी कोरी का होती, उतार कुणी पोचता केला, आता एकदम सगळं कळलं. शहाणी बाई, एका शब्दाने खोटं न बोलता मला बरोबर तरीवर चढवलं होतं तिने. आणि मी समजत होतो की मी तिला पटवलं.

तरीत चढलो नाही. परतही गेलो नाही. तिच्या शेजारी धक्क्यावर बसलो. शेवटी तिनेच विचारलं, "आवडा काय म्हंते?"

"काही म्हणत नाही. वाटत बसते."

ठमाबाईने नाक शिंकरलं. म्हणाली, "तिलाबी दुसरं कोन न्हाय." मग उठली आणि हरेश्वरला म्हणाली, "सोड रं तर. मास्तरला पल्याड ने."

अशी माणसं माझ्या शेजारी राहतात आणि मी त्यांना भिंतीवरचे कागद वाचायला लावत होतो.

१७ मार्च

बोकड आणला. पलीकडे जाऊन लठ्ठ झाला आहे. येताना तरीत माझ्या सदऱ्याची बाही चावून खाल्ली. खोलीत बांधून ठेवला आणि गुरवाकडे गेलो.

अंबाजी गुरव देवीची पूजा करतो, कौल लावतो. सत्तरीचा, हाडकुळा. त्याला सगळं सांगितलं. ठमाबाईचं नाव काढलं नाही. माझ्याच मर्जीने धाडला म्हणालो. तो ऐकत होता आणि वाती वळत होता. म्हणाला, "दोरी कुनाची हुती?"

"माझीच."

"बरं," तो म्हणाला. "उद्या गाव बोलीवतो. जे सांगायचं ते देवीसमोर सांगा. फुडं आई बघून घेईल."

१८ मार्च, शुक्रवार

हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

देवळात सगळं गाव. फौजदारांनाही बोलावलं होतं, ते खांबाशी उभे. मी बोकडाला दोरीने धरून आत आलो तसा एकदम गलका झाला. मी म्हणालो, "बोकड वाघाने खाल्ला नाही. मी खाडीपार धाडला होता. माझी पत्रकं खातो म्हणून. आणि वाघ रोज बकरा खातो हे मी मनाने लिहिलं. छापलं मीच, आणि ते खोटं होतं." पाठीवर पहिला फटका पडला तो कुणाचा ते पाहिलं नाही. दुसरा पडला नाही, कारण ठमाबाई मध्ये येऊन उभी राहिली. बोकड दोरी तोडून तिच्या पायाशी गेला आणि तिथेच बसला.

सोनाबाई म्हणाली, "छापलेलं खोटं असतं?" तिच्या आवाजात राग नव्हता, मन मोडल्यासारखं वाटलं. मला पाठीवरच्यापेक्षा हा फटका जास्त लागला.

फौजदार बोकडाकडे बघून हसले, खिशातला कागद काढून फाडला. म्हणाले, वाघाला साखळी घाला आणि उजेडात फिरवा. एवढं बोलून गेले. आवडाबाई भिंतीला टेकून खाली बसली, तशी बसूनच राहिली.

पण बोकडाचं राहिलं होतं. कुणीतरी म्हणालं, "आला तर बरं झालं. मंगळवारी देऊन टाकू." ठमाबाईचा एक हात बोकडाच्या पाठीवर होता, तेवढाच.

तेव्हा अंबाजी उठला. म्हणाला, बोकड पानी वलांडून गेला नि आला, असं कधी झालं न्हवतं. आईला इचारू. त्याने देवीला पाणी घातलं, डाव्या नि उजव्या खांद्यावर एकेक जास्वंदीची कळी लावली आणि गाऱ्हाणं घातलं: "बाय माजे, ठमाचा नवस तुला पोचला असंल, ह्यो बोकड तू पल्याड नेऊन तुज्या पदरात घेतला असशील, तर उजवी दे."

उजवी कळी आली म्हणजे होय, डावी आली म्हणजे नाही. नव्या चष्म्याने मला चौथ्या रांगेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. बिचाऱ्या अंबाजीची नजर गेलेली असावी. डावी कळी त्याने ओल्या गंधात चांगली दाबून बसवली होती, आणि उजवी कोरड्या दगडावर नुसती टेकवली. मी सांगणार होतो, की काका, उजवीला गंध लावायला विसरलात. पण देवाच्या कामात मध्येच बोलू नये म्हणून राहिलो. त्यात त्याला दमा. गाऱ्हाणं संपवून धाप लागली तशी तो वाकून उजव्या बाजूला जोरात खोकला.

उजवी कळी पडली.

"दिला! आईनं कौल दिला!" गाव ओरडलं. ठमाबाईने बोकडाच्या मानेत तोंड घातलं आणि हमसाहमशी रडली. मीही रडलो. चष्मा ओला झाला, पुन्हा सगळं धूसर.

बोकडाऐवजी शिमग्याला कोहळा कापायचा ठरला.

२२ मार्च, शिमगा

होळी पेटली. कोहळा कापला. सोनूला आवाजाचा त्रास होईल म्हणून आवडाबाई पिंजऱ्याशी बसून होती. मीही जाऊन बसलो.

३ एप्रिल, रविवार

शेठ आले. मी राजीनामा लिहून तयार ठेवला होता. त्यांनी नवी पाटी वाचली. 'सोनू. वय विसाच्या पुढे. दात नाहीत. भागोजीने वाढवला, आवडाबाई सांभाळते. हळद घातलेलं मांस आवडतं.' त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात श्रीवर्धनाहून आलेली एक पोक्त बाई पिंजऱ्यापाशी म्हणाली, "अगंबाई, ह्याला पण माझ्यासारखंच!" आणि पदरातून कणीक-गुळाचा मऊ लाडू काढून विचारायला लागली, चालेल का. मागे बघतो तर रांग. शेठनी रांगेतली डोकी मोजली. मग म्हणाले, "मी तर पैलेच बोलला होता, मास्तर. खरं लिहायला पायजे."

राजीनामा बोकडाने खाल्ला. तो आता बागेतच असतो. ठमाबाई रोज मासळी विकून झाली की येते. वाघ बघायला येते म्हणते, आणि वाघाकडे पाठ करून बसते.

संध्याकाळी अंबाजी आला होता. आम्ही चौघं बसलो असताना मी त्याला विचारलं, "काका, खरं सांगा. त्या दिवशी देवीने खरंच कौल दिला ना? कारण उजव्या कळीला तुम्ही गंध लावायला विसरला होतात. मी पाहिलं."

आवडाबाईने पदर तोंडाला लावला. ठमाबाई बोकडाचे कान कुरवाळत राहिली.

अंबाजी म्हणाला, "मास्तर, रोज एक बकरा छापलंत, त्यानं वाघ मरत हुता. मी एक फूल कोरडं ठेवलं, त्यानं कोन मेलं?"

मी म्हणालो, माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नाही. तर तिघंही हसायला लागले. आवडाबाईने च्या आणला, आलं घातलेला. सोनू जांभई देत होता. मला अजून नीट कळलेलं नाही, पण चांगलं काहीतरी झालं आहे एवढं कळतं, आणि उद्या देवीला नारळ द्यायचा आहे.